उद्दिष्ट जाहीर झालं, आता ते पार कसं पाडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या सरकारी संस्थेने पुढच्या दहा वर्षांत कार्बन उत्सर्जन ४० टक्क्यांनी कमी करायचं जाहीर केलं आणि त्याची जबाबदारी तुमच्या टेबलावर आली. वेगळा निधी नाही, मूळ काम सुटलेलं नाही, आणि वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर छतावरचे सौर पॅनेल आणि वृक्षारोपण आहे. सुरुवात कुठून करावी, पैसा कुठून आणावा आणि अधिकारी बदलले तर यातलं काय टिकेल, हे तुम्हाला हवं आहे.

गेली अनेक वर्षं मी सरकारी संस्थांबरोबर हेच काम करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सौर आधी की झाडं आधी, हा प्रश्न बाजूला ठेवा. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. उत्सर्जन वाढवणारे किंवा घटवणारे निर्णय संस्थेत रोज होत असतात. कोणती गाडी घ्यायची, निविदेत काय अटी टाकायच्या, जुनं यंत्र दुरुस्त करायचं की बदलायचं, इमारत भाड्याने घ्यायची की बांधायची. हे निर्णय खरेदी, लेखा, स्थापत्य आणि देखभाल विभागातली माणसं घेतात. त्यांच्यापैकी एकाच्याही कामाच्या यादीत तुमचं उद्दिष्ट नाही. ते तुमच्या यादीत आहे, पण तुमच्या सहीने यातलं काहीच ठरत नाही. म्हणून तुमचं खरं काम म्हणजे हे उद्दिष्ट त्यांच्या नेहमीच्या कागदांत उतरवणं: निविदेच्या अटींत, अंदाजपत्रकात, देखभालीच्या करारात. जिथे हे झालं तिथे आकडे हलले. जिथे वेगळा ‘हरित कक्ष’ स्थापून त्याच्यावर सगळं सोपवलं, तिथे चांगले अहवाल तेवढे निघाले.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट. तुमची संस्था नेमकं काय करते हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावरच बरंच काही ठरतं. कार्यालयात बसून परवाने देणाऱ्या संस्थेचा भार इमारत, वाहनं आणि प्रवास यांत असतो. रस्ते बांधणाऱ्या संस्थेच्या कार्यालयातली वीज तिच्या सिमेंट, पोलाद आणि डांबरापुढे किरकोळ असते. पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेचं जवळजवळ सगळं पंपांवर येऊन थांबतं. अमेरिकेच्या संघीय सरकारच्या एकूण ऊर्जावापरात तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा एकट्या संरक्षण विभागाचा आहे, आणि त्यातही विमानांच्या इंधनाचा मोठा. तिथे कार्यालयातले दिवे बदलून किती फरक पडणार? इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२० मध्ये आपला हिशेब मांडला तेव्हा ६२ टक्के उत्सर्जन पुरवठा साखळीतून, म्हणजे औषधं, उपकरणं आणि विकत घेतलेल्या इतर वस्तू-सेवांतून येतं असं दिसलं. भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डेसफ्लुरेन या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पटींच्या आसपास आहे. बहुतेक शस्त्रक्रियांत त्याच्या जागी दुसरा वायू चालतो. भूलतज्ज्ञांनी तो बदल स्वीकारला, त्यासाठी एकही इमारत पाडावी लागली नाही. तुमच्याही संस्थेत असं काहीतरी असेल, आणि ते तुमच्यापेक्षा तिथल्या कामाच्या माणसांना जास्त ठाऊक असेल. पहिले काही आठवडे त्यांच्याशी बोलण्यात घालवा.

मग आधारवर्ष ठरवा. ४० टक्के कमी, पण कशाच्या तुलनेत? हे कागदावर नसेल तर पुढची दहा वर्षं वादात जातील. २०२० किंवा २०२१ हे वर्ष कृपा करून धरू नका. महामारीत बऱ्याच इमारती रिकाम्या होत्या, त्या वर्षांशी तुलना केली की पुढचं प्रत्येक वर्ष वाईटच दिसेल. लागोपाठच्या दोन-तीन सामान्य वर्षांची सरासरी घेणं उत्तम. हिशेबाची हद्दही लिहून ठेवा: भाड्याच्या इमारती धरल्या का, कंत्राटदाराची वाहनं धरली का, प्रादेशिक कार्यालयं धरली का. जगभर वापरला जाणारा ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल २००१ पासून यासाठी तीन गट सांगतो. स्कोप १ म्हणजे तुम्ही स्वतः जाळलेलं इंधन आणि गळालेले वायू, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, स्कोप ३ म्हणजे खरेदी, प्रवास, कचरा वगैरे बाकी सगळं. पहिल्या वर्षी स्कोप १ आणि २ पक्के करा, स्कोप ३ मधले एक-दोन मोठे भाग घ्या. सगळंच एकदम अचूक मोजायला गेलात तर दोन वर्षं फक्त तक्ते भरण्यात जातील.

उद्दिष्ट एकूण उत्सर्जनाचं आहे की दर चौरस मीटरचं, हेही आत्ताच विचारून घ्या. दर चौरस मीटरचं असेल तर नवी मोठी इमारत बांधून आकडा सुधारतो आणि प्रत्यक्षात उत्सर्जन वाढतं. मी नेहमी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायला सांगतो.

मीटरबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण बिनखर्चाची सगळ्यात मोठी बचत मला इथेच सापडत आली आहे. महिन्याच्या वीजबिलातून काहीच कळत नाही. दर पंधरा मिनिटांची किंवा निदान तासाची नोंद मिळवा. बऱ्याच मोठ्या जोडण्यांवर तशी नोंद आधीपासून होत असते, फक्त ती कोणी मागवलेली नसते. त्यातला रात्री दोनचा आकडा बघा. इमारत बंद, माणसं घरी, तरी वापर किती? मग त्या वेळी पहारेकऱ्याला सोबत घेऊन इमारतीतून एक फेरी मारा. वायुवीजनाचे पंखे चालू असतात, कारण वेळेचं बटण कुणीतरी कधीतरी ‘मॅन्युअल’वर टाकलं आणि पुन्हा फिरवलं नाही. वरच्या मजल्यावर कोणीही नसताना बैठकीच्या खोलीतला एसी गारवा धरून बसलेला असतो. पाण्याचा पंप टाकी भरली तरी थांबत नाही, जादाचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून गटारात जातं, म्हणजे वीजही गेली आणि पाणीही. पाण्याच्या मीटरलाही हीच कसोटी लावा. कोणी वापरत नसताना काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे.

पंख्यांबाबत एक साधा नियम अभियंत्यांना ठाऊक असतो, पण फाइलीत क्वचित येतो. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला की वीज जवळजवळ निम्म्यावर येते. सतत पूर्ण वेगाने फिरणाऱ्या मोठ्या पंख्याला वेगनियंत्रक बसवणं हे सौर पॅनेलइतकं दिसत नाही, पण बसवलेल्या दिवसापासून दर तासाला वाचवत राहतं.

शीतक वायूंकडे तर जवळजवळ सगळ्याच संस्थांचं दुर्लक्ष होतं. वातानुकूलनात सर्रास वापरल्या गेलेल्या आर-४१०ए या वायूची तापमानवाढीची क्षमता आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी मंडळाच्या, चौथ्या मूल्यमापन अहवालानुसार कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट धरतात. म्हणजे वर्षभरात १० किलो वायू गळाला तर ते सुमारे २१ टन कार्बन डायऑक्साइडइतकं झालं. एक लिटर डिझेल जळल्यावर साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ही गळती साडेसात हजारांहून जास्त लिटर डिझेलच्या तोडीची. आणि तिची नोंद कुठे असते? देखभाल कंत्राटदाराच्या बिलात, ‘गॅस भरला’ एवढ्या एका ओळीत. ती बिलं काढा. एकाच यंत्रात वर्षातून दोनदा वायू भरला जात असेल तर यंत्र गळतं आहे आणि तुम्ही त्या गळतीला पैसे देत आहात. करारात तीन गोष्टी घाला: भरलेल्या वायूचं वजन लिहायचं, गळती शोधून बंद केल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही, आणि यंत्र मोडीत काढताना वायू हवेत न सोडता काढून घ्यायचा. यासाठी वरिष्ठ पातळीवर मंजुरी लागत नाही, करार नूतनीकरणाला आला की अटी टाकता येतात.

आता खरेदी. माझ्या मते सरकारी संस्थेचं सगळ्यात मोठं हत्यार हेच आहे, आणि ते सगळ्यात कमी वापरलं जातं. अमेरिकेत १९९३ मध्ये संघीय संस्थांनी एनर्जी स्टार या वीजबचतीच्या मानांकनाच्या निकषांचेच संगणक घ्यावेत असा आदेश निघाला. एवढा मोठा गिऱ्हाईक तेच मागतो म्हटल्यावर उत्पादकांनी तसेच संगणक बनवायला घेतले, आणि ते सगळ्यांनाच मिळू लागले. जपानने २००० मध्ये हरित खरेदीचा कायदाच केला. त्यानुसार सरकारी संस्थांना दरवर्षी आपलं खरेदी धोरण आणि वर्षअखेरीला प्रत्यक्ष किती खरेदी तशी झाली हे प्रसिद्ध करावं लागतं.

पण मला सगळ्यात आवडतो तो नेदरलँड्समधला मार्ग. तिथल्या रेल्वेचं जाळं सांभाळणाऱ्या प्रोरेल या कंपनीने २००९ मध्ये ‘सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कामगिरी शिडी’ आणली, आणि रस्ते व जलमार्ग सांभाळणारी राइक्सवाटरस्टाट ही सरकारी संस्थाही ती वापरू लागली. कंत्राटदाराने शिडीच्या जितक्या वरच्या पायरीची हमी दिली, तितकी जास्त काल्पनिक सवलत त्याच्या देकारावर, म्हणजे निविदेत भरलेल्या रकमेवर, धरतात. तुलना या कमी केलेल्या रकमेवर होते, पण काम मिळालं की पैसे मूळ देकाराइतकेच मिळतात. साहित्याच्या पर्यावरणीय भाराचाही असाच पैशांत हिशेब करून तो देकाराच्या तुलनेत धरतात. यातली हुशारी अशी की लेखापरीक्षकाला सगळं आकड्यांत दिसतं. ‘पर्यावरणपूरक असावे’ अशी ढोबळ अट टाकली असती तर एखाद्या नापास कंत्राटदाराने आव्हान दिलं असतं आणि संस्था हरली असती. इथे नियम आधी जाहीर, गणित सगळ्यांना सारखं.

तुमच्याकडे इतकं करता येईल का, हे तुमच्या खरेदी नियमांवर अवलंबून आहे. पण सर्वात कमी दराचा नियम असला तरी एक वाट बहुतेक ठिकाणी उघडी असते, ती म्हणजे ‘दर’ या शब्दात आयुष्यभराचा खर्च धरणं. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात याला स्पष्ट जागा आहे. उदाहरण म्हणून १५ किलोवॅटची मोटर घ्या, वर्षाला ४,००० तास चालणारी. ९१ टक्के कार्यक्षमतेऐवजी ९३ टक्क्यांची घेतली तर वर्षाला साधारण १,४०० युनिट वाचतात, पंधरा वर्षांत २१,०००. या वाचलेल्या युनिटची किंमत दोन मोटरींच्या दरातल्या फरकाशेजारी मांडा आणि तो कागद लेखा विभागाला दाखवा. पर्यावरणाचा शब्दही काढावा लागणार नाही. त्यांना तो कागद पटतो, कारण पुढे आक्षेप आला तर उत्तर त्यात तयार असतं.

इथे एक सूचना. निविदेत अट टाकलीत तर ती तपासणार कोण, हेही त्याच निविदेत लिहा. तपासली न जाणारी अट प्रामाणिक पुरवठादाराला महाग पडते आणि दुसऱ्याला फुकट मिळते. हे माझ्या मनाला फार लागतं, कारण अशा दोन-तीन निविदा झाल्या की चांगले पुरवठादार पुन्हा येत नाहीत.

पैशाचा प्रश्न. बचत होते महसुली खर्चात, गुंतवणूक लागते भांडवली खर्चात, आणि दोन्हीची लेखाशीर्षं वेगळी. वर आणखी असं की वीज वाचवली तर पुढच्या वर्षी विजेची तरतूदच कापली जाते. ज्याने मेहनत केली त्याच्या हाती काही उरत नाही, मग तो पुन्हा कशाला करेल? म्हणून बचतीतला काही हिस्सा संस्थेकडेच ठेवायची परवानगी वित्त विभागाकडून लेखी मिळवा. दहा प्रकल्पांचे प्रस्ताव लिहिण्यापेक्षा या एका परवानगीसाठी झगडा. ती मिळाली की फिरता निधी उभा करता येतो: छोट्या रकमेतून पहिलं काम, त्याच्या बचतीतून दुसरं.

दुसरा मार्ग ऊर्जा कामगिरी कराराचा. यात खाजगी कंपनी स्वतःचा पैसा घालून यंत्रणा बदलते आणि बचतीतून आपले पैसे वसूल करते. अमेरिकेच्या संघीय संस्थांना असे करार २५ वर्षांपर्यंत करता येतात. मोठ्या, जुन्या, ऊर्जाखाऊ इमारतींना हे चांगलं लागू पडतं. लहान कार्यालयासाठी कंपन्या येत नाहीत, आल्या तरी करार करण्याचाच खर्च जास्त होतो. आणि बचत मोजायची कशी, हवामान वेगळं गेलं किंवा माणसं वाढली तर हिशेब कसा दुरुस्त करायचा, हे सही करण्याआधी ठरवा. नंतर प्रत्येक तक्ता भांडणाचा विषय होतो.

आता वरिष्ठांची सौर आणि झाडं. दोन्हींना नाही म्हणू नका, क्रम बदला. आधी वापर कमी करा, मग उरलेल्या वापराच्या मापाने पॅनेल घ्या, नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनेल विकत घ्याल. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात, तेव्हा छताचं जलरोधन तितकं टिकणार आहे का ते बघा. पॅनेलची वीज वापरायोग्य करणारा इन्व्हर्टर त्याआधी बदलावा लागतो, त्याची तरतूद आणि पॅनेल धुण्याची जबाबदारी कोणाची हे मंजुरीच्या टिपणीतच लिहा.

झाडं लावा, जरूर लावा. सावली, पाणी मुरणं, पक्षी, परिसराचं तापमान, या सगळ्यासाठी ती हवीतच. पण ती तुमच्या ४० टक्क्यांच्या हिशेबात वजा करू नका. पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला साधारण वीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड शोषतं असं ढोबळमानाने धरतात. वरची १० किलो वायूची गळती भरून काढायला अशी हजारभर झाडं लागतील, आणि आज लावलेलं रोप तिथवर पोचायला कित्येक वर्षं जातील. वरिष्ठांना हीच तुलना दाखवा. माझा अनुभव असा की आकडा समोर आला की बहुतेक जण समजून घेतात. झाडांचा हिशेब वेगळा ठेवा, आणि त्यात लावलेली किती यापेक्षा तीन वर्षांनी जगलेली किती हे मोजा.

अधिकारी बदलल्यावर काय टिकतं, याचं उत्तर अमेरिकेतच बघा. संघीय संस्थांच्या शाश्वततेचा अध्यक्षीय आदेश २००९ मध्ये निघाला, २०१५ मध्ये त्याची जागा नव्या आदेशाने घेतली, तो २०१८ मध्ये रद्द झाला, २०२१ मध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं (जितकं सोडलं तितकं शोषलं किंवा टाळलं गेलं असं) लक्ष्य ठेवणारा आदेश आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तोही गेला. या काळात २००७ चा ऊर्जा कायदा मात्र राहिला. त्यानुसार मोठ्या सरकारी इमारतींची ऊर्जा आणि पाण्याची तपासणी दर चार वर्षांनी व्हावी लागते. बसवलेले मीटरही राहिले, बदललेली यंत्रं राहिली, झालेले दीर्घ करार राहिले. तेव्हा तुमच्या हातून परिपत्रक निघत असेल तर निघू द्या, पण त्यावर विसंबू नका. नमुना निविदेत, बांधकामाच्या मानक तपशिलात, खरेदीच्या नियमपुस्तिकेत आणि देखभालीच्या करारात जे शिरलं ते काढायला कुणालातरी मुद्दाम टिपणी लिहावी लागते, आणि सहसा कोणी लिहीत नाही. सगळी आकडेमोड तुमच्या संगणकावर ठेवू नका. कोणता आकडा कुठून येतो, कोणाकडून दर महिन्याला मागवायचा, हे दोन पानांत लिहून नियमित कार्यपद्धतीत जोडा. तुमची बदली होईल त्या दिवशी तीच दोन पानं सगळ्यात जास्त उपयोगाची ठरतील.

आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. शिस्त लागायला ते चांगलं आहे. पण ते व्यवस्था आहे की नाही एवढंच सांगतं, उत्सर्जन घटलं की नाही ते सांगत नाही. पहिल्या वर्षी त्यात शक्ती घालवू नका.

पहिल्या सहा महिन्यांसाठी माझा क्रम असा राहील: कामाच्या माणसांशी बोलणं, आधारवर्ष आणि हद्द लेखी ठरवणं, रात्रीचे मीटर बघणं, वायूची बिलं काढणं, आणि येत्या वर्षभरात कोणत्या निविदा व करार नूतनीकरणाला येणार आहेत त्यांची तारीखवार यादी करणं. ही यादी तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे, कारण एकदा पाच वर्षांचा करार सही झाला की पाच वर्षं तुम्ही फक्त बघत बसणार. यादीतल्या पहिल्या तीन निविदांच्या मसुद्यांवर खरेदी विभागासोबत बसा. संस्था काय करते, किती इमारती आहेत आणि खरेदीचे नियम कसे आहेत हे लिहिलंत, तर त्या तीन निविदांत नेमक्या कोणत्या अटी टाकता येतील ते मी सांगू शकेन.